रोप लावलं, पण मासा आला का?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळेच्या वर्गात सॅमन माशाची अंडी वाढवायचा उपक्रम गेली कित्येक दशकं चालू आहे. २०१७ साली तिथल्या केंद्रीय मत्स्य खात्यानं खर्चकपातीच्या यादीत त्याचं नाव घातलं. खात्याच्या एकूण पसाऱ्यात ही रक्कम चिल्लर म्हणावी इतकी. पण शिक्षक, पालक आणि ओढ्याकाठी राबणारे स्वयंसेवक यांनी असा काही गलका केला की काही आठवड्यांतच खात्याला माघार घ्यावी लागली. सीमेच्या दक्षिणेला, अमेरिकेत, पाणलोट क्षेत्राशी जोडलेल्या शालेय शिक्षणाला केंद्राकडून अनुदान मिळत आलं आहे. ते बंद करावं ही सूचनाही अर्थसंकल्पाच्या प्रस्तावांत एकाहून अधिक वेळा येऊन गेली आहे. वाचन-गणिताचीच बोंब असताना करदात्याच्या पैशानं मुलांना गमबूट घालून ओढ्यात कशाला उतरवायचं, असा तो सवाल.

मी सिएटलच्या उपनगरात राहते आणि माझं मत, मुलांना ओढ्यात उतरवावं असंच आहे. पण या उपक्रमांची बाजू घेणारे जी कारणं देतात, ती मला पटत नाहीत. ‘आमची मुलं सॅमन वाचवताहेत’ हे तर धादांत खोटं. ‘मुलांना निसर्गाची गोडी लागते’ हे खरं आहे, पण गोडी चांगल्या सहलीनंही लागते. त्यासाठी सरकारी निधी, थंड पाण्याच्या टाक्या आणि जीवशास्त्रज्ञांचे पगार लागत नाहीत. माझं कारण वेगळं आहे, आणि त्याकडे जायला थोडं माशाबद्दल सांगायला हवं.

कोकणातल्या माणसाला सॅमन समजावणं सोपं. जूनच्या पहिल्या दणक्याला नदीतले मासे वहाळांतून, पऱ्ह्यांतून, थेट भातखाचरांपर्यंत चढतात. चढणीचे मासे म्हणा, कुठे वलगणीचे म्हणा. सॅमनही चढणीचाच मासा, फक्त त्याची चढण समुद्रापासून सुरू होते आणि शेकडो किलोमीटर चालते. गोड्या पाण्याच्या ओढ्यात, गोट्यांच्या खाली अंड्यातून तो बाहेर पडतो. काही महिने, जातीनुसार वर्षभरही, ओढ्यात काढून पॅसिफिक महासागरात जातो, तिथे वाढतो आणि काही वर्षांनी वासाच्या आधारानं आपल्याच ओढ्याकडे परततो. अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या कलेवरातून समुद्रातलं नत्र डोंगरातल्या झाडांच्या खोडात पोचतं.

या सगळ्या प्रवासाला लागतं काय? थंड पाणी, म्हणजे काठावर सावली. गाळ न बसलेली खडी, कारण गाळ बसला की अंडी गुदमरतात. पाण्यात आडवी पडलेली झाडं, ज्यांच्या आडोशाला डोह तयार होतात. रस्त्याखालची मोरी माशाला चढून जाता येईल अशी. गेल्या दीडशे वर्षांत इथल्या माणसांनी यातली एकेक गोष्ट काढून घेतली. जंगलं तोडली, धरणं बांधली, खाडीकाठचं खाजण बांध घालून शेतीला घेतलं, शहरं वसवली. सिएटलला लागून असलेल्या प्युजेट साउंड या सागरी खाडीच्या परिसरातला चिनूक जातीचा सॅमन १९९९मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या यादीत गेला.

वर्गातली टाकी ही बहुतेक मुलांची पहिली भेट. हिवाळ्यात मत्स्यबीज केंद्रातून काही डझन किंवा शे-दोनशे अंडी येतात. टाकी काळोखात ठेवायची, कारण निसर्गात अंडी खडीखाली असतात. पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास थंड राखायचं. आणि रोजच्या तापमानाची बेरीज करत जायचं. ती साडेचारशे-पाचशेच्या घरात पोचली की पिल्लं फुटतात. चौथीतलं मूल ही बेरीज फळ्यावर मांडून ‘पुढच्या गुरुवारी’ असं सांगतं आणि गुरुवारी खरंच पिल्लू दिसतं, तेव्हा गणिताचा तास वाया गेला असं कुणी म्हणू नये.

मग वसंतात बोटुकली ओढ्यात सोडायची. फोटो निघतात, मुलं हात हलवतात, एखाद्याला रडू येतं. इथे बऱ्याच शाळा थांबतात आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. सॅमनची मादी दीड-दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत अंडी घालते, कारण त्यातली जवळजवळ सगळी मरायचीच असतात. वर्गानं सोडलेल्या शे-दोनशे बोटुकल्यांमधून एकही मासा परत न येण्याची शक्यता भरपूर आहे. हे मुलांना सांगितलं जात नाही. त्यांना वाटतं, काम झालं.

टाकीत वाढवून सोडणं म्हणजे नदी सुधारणं नव्हे, आणि हा समज फक्त मुलांचा नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. लोणावळ्याजवळ वळवणला १९७०च्या दशकापासून महसीर माशाचं बीज तयार होतं. तिथे कृत्रिम प्रजननाचं जे तंत्र बसवलं गेलं, त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. पण त्या बोटुकल्या देशभर जिथे जिथे सोडल्या गेल्या त्यात कावेरीही होती. तिथला मूळचा कुबडाचा महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या महसीरानं त्याची जागा घेतली, असं संशोधकांनी मांडलं आहे. हेतू चांगला, मासाही महसीरच, फक्त नदी चुकली. मासे सोडण्याच्या प्रत्येक समारंभात ही गोष्ट सांगायला हवी.

म्हणून टाकीपेक्षा मला ओढ्याचं काम महत्त्वाचं वाटतं. ते गलिच्छ असतं, रटाळ असतं आणि बहुतेक वेळा पावसात असतं, कारण इथे रोपं लावायचा हंगामच पावसाळी थंडीचा. सर्वांत मोठं काम म्हणजे हिमालयन ब्लॅकबेरीची जाळी उपटणं. नावात हिमालय असला तरी मूळ आर्मेनियाकडचं असलेलं हे काटेरी झुडूप ल्यूथर बरबँक या नामांकित रोपवाटिकाकारानं १८८५च्या सुमाराला अमेरिकेत आणलं, तेही भारतातून मागवलेल्या बियांपासून. बागेची हौस आज प्रत्येक ओढ्याच्या काठावर बसली आहे. आपल्याकडे घाणेरीचं झालं तेच. जाळी निघाली की सीडर, ऑल्डर ही इथली मूळची झाडं लावायची आणि विलोच्या फांद्या चिखलात ठोकायच्या. विलो ही आपल्या वाळुंजाची चुलतबहीण, फांदी खोचली तरी मूळ धरते. मुलांना हे जादूसारखं वाटतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

आमच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या नायक्वॉली नदीच्या खोऱ्यातल्या शाळांत याहून मजेदार काम असतं. बीज केंद्रात अंडी काढून झाल्यावर उरलेले मेलेले सॅमन घेऊन मुलं ओढ्याकाठी जातात आणि पाण्यात भिरकावतात. वास असा की घरी आल्यावर कपडे बाहेरच ठेवावे लागतात. पण मेलेला मासा हे ओढ्याचं खत आहे, ही गोष्ट त्यानंतर परीक्षेत विचारावी लागत नाही. याच खोऱ्यातली मुलं दरवर्षी आपापल्या ठिकाणचं पाणी तपासतात आणि वसंतात सगळ्या शाळा आपले आकडे घेऊन एकत्र जमतात. हा दुसरा भाग भिरकावण्याइतका गमतीचा नाही, म्हणून त्याचे फोटो कमी दिसतात. मला विचाराल तर खरा अभ्यास तोच.

दक्षिणेला कॅलिफोर्नियात, सॅन अँसेल्मोच्या एका प्राथमिक शाळेत १९९२ साली लॉरेट रॉजर्स या शिक्षिकेच्या चौथीच्या वर्गानं एका संकटग्रस्त गोड्या पाण्यातल्या कोळंबीचा विषय हाती घेतला. ही कोळंबी स्टेंपल क्रीक नावाच्या ओढ्यात, खाजगी कुरणांतून वाहणाऱ्या पाण्यात होती. गुरांनी काठ तुडवून उघडे केले होते. मुलांना ओढ्यावर जायचं तर गुरं पाळणाऱ्याची परवानगी हवी, आणि त्या माणसाला पर्यावरणवाल्यांचं नाव काढलं तरी कपाळाला आठी. मुलं त्याच्याशी बोलली, कुंपण आणि विलो यांचा खर्च कुठून येईल ते शोधलं, कामाला लागली. त्या वर्गातून सुरू झालेला उपक्रम आज मोठ्या प्रमाणावर चालतो आणि सॅमन आणि त्याचा भाऊबंद स्टीलहेड यांच्या ओढ्यांच्या काठांवरही त्याची झाडं उभी आहेत. यात मला विलोपेक्षा त्या परवानगीचं अप्रूप आहे. जमीन ज्याची आहे त्याला शत्रू न समजता त्याच्याशी बोलायचं, हे दहा वर्षांच्या मुलांना जमलं. मोठ्यांच्या सभांत ते क्वचितच जमतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते.

सिएटल शहरातले काही ओढे १९९०च्या दशकात सुधारले गेले. लाँगफेलो क्रीक त्यातला एक. काठ साफ झाले, झाडं लागली, अडथळे निघाले आणि कोहो जातीचे सॅमन खरोखरच परत आले. उत्सव व्हायचा तो झाला असता. पण कुणीतरी पुढेही जाऊन पाहत राहिलं. आलेले मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत होते, पर ताठ पसरून वेडेवाकडे फिरत होते आणि काही तासांत मरत होते, मादीच्या पोटात अंडी तशीच. काही हंगामांत निम्म्याहून अधिक माद्या अशा गेल्या. तापमान पाहिलं, प्राणवायू पाहिला, रोग पाहिले, कीटकनाशकं, धातू. काही सापडेना. त्याच पाण्यात चम जातीचे सॅमन मात्र धडधाकट.

पुढे संशोधकांनी ५२० क्रमांकाच्या महामार्गावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी गोळा केलं आणि त्यात कोहो सोडले. मेले. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं, तर जगले. विष रस्त्यावरचं आहे हे कळलं, पण कोणतं ते कळायला २०२०चा डिसेंबर उजाडला. टायर तडकू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन नावाचा पदार्थ बनतो आणि टायर झिजतात तसा तो रस्त्यावर, तिथून पावसाबरोबर ओढ्यात जातो. कोहोला तो अत्यल्प प्रमाणातही मारतो. हा ५२० म्हणजे सिएटलहून रेडमंडकडे जाणारा रस्ता. या भागातल्या निम्म्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी त्यावरून कामाला जातं. विजेची गाडी घेऊन आपण सुटलो असं ज्यांना वाटतं, त्यांनी लक्षात घ्यावं की तीही टायरवरच चालते, आणि वजनाला जास्त भरते.

रोपं लावून मंडळी घरी गेली असती, तर यातलं काहीच कळलं नसतं. सगळं नीट केल्यावरही मासा मेला आणि तो का मेला हे शोधायला वीसेक वर्षं गेली. शाळेनं मुलांना द्यायचं ते हे: केलेल्या कामाकडे परत जायचं, मोजायचं, आणि उत्तर मनासारखं नसेल तरी वहीत तसंच लिहायचं. तज्ज्ञही यातून सुटलेले नाहीत. साधारण १९५०पासून दोनेक दशकं इथल्या सरकारी खात्यांनीच ओढ्यांत पडलेली झाडं माशांना अडवतात म्हणून यंत्रं लावून ओढून काढली. आता तेच ओंडके प्रसंगी हेलिकॉप्टरनं आणून परत टाकतात. ज्या मुलाला हे माहीत आहे ते कुणाच्याही हिरव्या जाहिरातीला सहज भुलणार नाही, आणि विज्ञान बदलतं म्हणून विज्ञानाला उडवूनही लावणार नाही.

या उपक्रमांवरचा सर्वांत जोरकस आक्षेप वेळ किंवा पैशाचा नाही. तो असा: धरण कंपनीनं बांधलं, टायर कारखान्यानं बनवला, मोरी सरकारनं चुकीची घातली, आणि फावडं मात्र दहा वर्षांच्या मुलीच्या हातात. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो, जर शाळा फावड्यापाशी थांबणार असेल तर. मुलीला ‘तुझ्या हाती पृथ्वी आहे’ असं सांगून तिच्या खांद्यावर अपराधाचं ओझं ठेवायचं आणि मोरी तशीच ठेवायची, याला मी शिक्षण म्हणणार नाही.

पण मोरीची गोष्टही सांगता येते. १८५४-५५ साली इथल्या मूळ जमातींनी जमीन सोडून देताना तहात एक हक्क राखून ठेवला, आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा. पुढे राज्य सरकारनं तो पायदळी तुडवला. नायक्वॉली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना १९४५ साली, चौदाव्या वर्षी, आपल्याच नदीत मासे धरल्याबद्दल पहिल्यांदा अटक झाली. पुढे अटकांची पन्नाशी उलटली. १९७४मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. मग पुढचा मुद्दा आला: नदीत मासाच उरला नाही, तर निम्म्याचा हक्क घेऊन करायचं काय? २००१मध्ये जमाती रस्त्याखालच्या मोऱ्यांवरून न्यायालयात गेल्या. २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडली आणि खालच्या न्यायालयाचा जमातींच्या बाजूचा निकाल कायम राहिला. आता वॉशिंग्टन राज्याला अब्जावधी डॉलर खर्चून मोऱ्या बदलाव्या लागत आहेत. टायरच्या रसायनावर बंदी घालावी म्हणून २०२३मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला तोही तीन जमातींनीच.

शाळेत हे शिकवणं म्हणजे राजकारण, असं काही पालक म्हणतात. त्यात आपलेही असतात. ‘शाळेनं विज्ञान शिकवावं, कोर्टकचेऱ्या नकोत’ हे वाक्य मी मराठीतच ऐकलं आहे. पण मोरी बदलली ती विज्ञानानं एकट्यानं नाही. मासा चढू शकत नाही हे जीवशास्त्रज्ञांना ठाऊक होतं, तरी निकाल लागेपर्यंत बहुतेक मोऱ्या जागच्या हलल्या नाहीत. जमातींचा इतिहास शाळांत शिकवणं या राज्यात २०१५पासून कायद्यानं बंधनकारकही आहे. विज्ञानाचा तास आणि इतिहासाचा तास एकाच ओढ्याकाठी घेतला, तर गाडीभाडं तरी वाचेल.

महाराष्ट्रात हा विषय कागदावर कधीच आलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण शिक्षण देशभर सक्तीचं झालं, आपल्याकडे नववी-दहावीला जलसुरक्षाही आली. पुस्तकं वाईट नाहीत. पण प्रकल्पवही कशी भरली जाते हे ज्याच्या घरात शाळकरी मूल आहे त्याला सांगायला नको. कार्यानुभवाच्या तासाची जी गत झाली तीच. वृक्षारोपणाचंही तसंच. २०१९मध्ये राज्यानं एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. शाळाशाळांतून मुलांनी खड्डे खणले, फोटो काढले. त्यातली किती जगली हे मोजायला त्याच मुलांना पुढच्या पावसाळ्यात पाठवलं असतं, तर पर्यावरणाचं अख्खं पुस्तक त्या एका दुपारी शिकवून झालं असतं.

सॅमन आपल्याकडे नाही आणि त्याची नक्कल करायचीही गरज नाही. कोकणात शाळा उघडते जूनच्या मध्याला आणि मासे चढतात त्याच सुमाराला. हा योग वॉशिंग्टनच्या कुठल्याही शाळेला जमवून आणता येणार नाही. गावातल्या बंधाऱ्याशी आणि रस्त्याच्या मोरीशी उभं राहून कोणते मासे कुठवर चढतात, कुठे अडतात, किती जाळ्यात जातात, हे पाचवी ते दहावीच्या मुलांनी ओळीनं सहा पावसाळे लिहून ठेवलं, तर त्या वहीतून शाळेइतकाच फायदा ग्रामपंचायतीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला होईल. पुराच्या पाण्याजवळ मुलांना न्यायचं तर सोबत मोठं माणूस आणि दोर हवा, हे वेगळं सांगायला नको. आणि माशांची नावं सांगायला गावातली म्हातारी माणसं आहेतच. त्यांना मानधन द्यावं.

निधी द्यायचाच तर कसा, याबद्दल माझं म्हणणं थोडक्यात सांगते. एका दिवसाच्या लागवडीला पैसे देऊ नयेत. एकच ओढा, किमान पाच वर्षं, आणि दरवर्षी मोजणी, एवढी अट घालावी. या वर्षीच्या वर्गाला आधीच्या वर्गाची वही मिळावी, त्यातल्या मेलेल्या रोपांच्या नोंदींसकट. मुलांचे आकडे ज्या खात्याकडे जातात त्यानं शाळेला लेखी उत्तर द्यावं. रोप लावल्याबद्दल गुण देऊ नयेत. ते का मेलं याच्या मांडणीला द्यावेत.

या सगळ्यात सर्वांत महाग काय पडतं? रोपं नाहीत, फावडी नाहीत. शाळेची बस आणि त्या दिवशी मागे राहिलेल्या वर्गांसाठी बदली शिक्षक. कपात आली की पहिली जाते ती बसच. इथल्या आमच्या भागात पालक-शिक्षक संघाच्या सभेत रोबोटिक्सच्या संचांसाठी पैसे दहा मिनिटांत मंजूर होतात, आणि त्यात आपल्या मंडळींचे हात सर्वांत आधी वर जातात. त्याला माझा विरोध नाही. रोबोटिक्स जरूर असावं. पण ओढ्याकडे जाणाऱ्या बसचा विषय निघाला की ‘पालकांनीच आपापल्या गाडीतून न्यावं की’ अशी सूचना येते. वीस-पंचवीस गाड्या, ऐंशी-शंभर टायर, त्याच ओढ्याकडे.